सेक्रेटरीचं ऑपरेशन

दुष्काळ पडला की मला बरं वाटायचं. हे वाक्य लिहायला मला पस्तिशी ओलांडावी लागली. आमच्या बीड जिल्ह्यात ते मोठ्यानं म्हणून बघा, लोक दगड घेऊन मागे लागतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. विहिरींचे तळ उघडे पडलेत, ज्वारी वीतभर वाढून करपलीय, म्हशींच्या बरगड्या लांबून दिसतायत आणि अशा वर्षात एक धडधाकट माणूस मनातल्या मनात खूश आहे, म्हणजे काय! पण मी असायचो. कारण विहिरीत पाणी नसलं की पोहायला कुणी बोलवत नाही, आणि पोहायला कुणी बोलावलं नाही की अंगातला सदरा काढावा लागत नाही.

सदरा न काढण्याचं कारण असं की मला छाती होती. पुरुषाला असते तशी नव्हे. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटलं, आवाज फुटला आणि त्याच सुमाराला बनियनच्या आत दोन गाठी धरल्या. मिसरूड वाढेल तशा त्याही वाढल्या. बाकी अंगानं मी काही जाडा नव्हतो, त्यामुळे तर ते आणखीच उठून दिसायचं. पोरांनी मला दिलेली नावं इथं लिहिण्यासारखी नाहीत. शाळेची सहल पालीला बिंदुसरा धरणावर गेली तेव्हा सगळा वर्ग पाण्यात आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसलो होतो. मास्तरांनी घरी येऊन माझ्या जबाबदारपणाचं कौतुक केलं.

पुढं मी दोन बनियन घालायला लागलो. एकावर एक, दोन्ही घट्ट, वर सदरा, सदऱ्याच्या खिशात मुद्दाम डायरी आणि चष्म्याचं घर. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन असतं, तेव्हाही दोन. आईला विचारलं तर ती म्हणायची, "खात्यापित्या घरचं लेकरू हाय, तसंच ऱ्हायचं." तिच्या लेखी तो विषय संपला. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघांची अंगं सारखी वाळलेली होती. खात्यापित्याचा पुरावा म्हणून फक्त माझी छाती होती.

शिकून मी गावच्या सहकारी दूध संस्थेत सेक्रेटरी झालो. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडचं. सेक्रेटरी म्हणजे खुर्चीत बसून सह्या करणारा माणूस असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा पहाटे येऊन बघावं. दूध मापून घ्यायचं, मशिनवर फॅट तपासायचं, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी चाळीस लिटरचे भरलेले कॅन टेंपोत चढवायचे. कॅन चढवायचं काम खरं म्हणजे माझं नव्हतं, पण मी ते हौसेनं करायचो. जो माणूस एका दमात कॅन उचलतो त्याला बायकी कोण म्हणेल, असा माझा हिशेब होता. गावात माझी ओळख झाली ती "कॅन उचलणारा शेक्रेटरी" म्हणून. त्या ओळखीखाली मी सुखानं लपून होतो.

मग सलग दोन वर्षं पाऊस रुसला. दूध निम्म्यावर आलं, मग पावावर. आमच्या संस्थेनं गावाबाहेरच्या पडीक माळावर चारा छावणी घेतली. आसपासच्या गावांतली जनावरं तिथं आली आणि त्यांच्या मागे माणसंही आली. हिरवी जाळी, बांबू, उसाच्या मोळ्या, टँकर, आणि पत्र्याच्या एका खोलीत मी. बाया-माणसं दिवसभर जनावरांपाशी बसलेली असत. इतके लोक, हाताला काम नाही आणि बोलायला दिवस मोठा. तिथं बातमीला पाय लागत नव्हते, चाकं लागत होती.

त्याच वर्षी माझं लग्न जमलं. मुलगी नांदूरघाटकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळीच्या सुमाराला जायचे ते शिमग्यानंतर परतायचे. मुलगी बारावी झालेली, वसतिगृहात राहून शिकलेली, बोलायला ठाम. बघायला गेलो तेव्हा तिनंच मला विचारलं, "दुधात पाणी किती घालतेत हे मशिनवर कळतं का?" मी म्हणालो, कळतं. ती म्हणाली, "मग तुमाला लई शत्रू असतील." मला ती तिथल्या तिथं आवडली. तारीख वैशाखातली धरली आणि घरी आल्यावर मला आठवलं. हळद!

आमच्याकडे हळदीला नवरदेवाला उघड्या अंगानं पाटावर बसवतात. पाच सवाष्णी, मग करवल्या, मग चुलत्या, मावश्या, शेजारणी, ज्याला हात आहे तो हळद फासतो. गालाला, दंडाला, छातीला. पूर्वी ते निदान पाहून विसरता तरी येत होतं. आता फोटोवाला असतो, व्हिडिओवाला असतो आणि ज्याची ऐपत आहे त्याच्या मांडवावर ड्रोन घिरट्या घालतो. माझी छाती वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी चित्रित होऊन तिच्या घरच्या टीव्हीवर लागणार, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. लग्न मोडावं असंही एक-दोनदा मनात आलं. इतका मी गाढव होतो.

मोबाईलवर शोधता शोधता एक दिवस कळलं की याचं ऑपरेशन असतं. प्लास्टिक सर्जन करतात. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांची नाकं, एवढंच मला माहीत होतं. औरंगाबादच्या एका दवाखान्याचा पत्ता मिळवला. दूध तपासणीचं ट्रेनिंग आहे असं घरी सांगून गेलो. पाटीवर डॉक्टरांच्या आडनावाआधी नुसती दोन अक्षरं होती, मी आपला पुरुष धरून चाललो. आत गेलो तर बाई! माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, डोक्यावर चष्मा चढवलेल्या. मी "चुकून आलो" म्हणून परत फिरत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "छातीसाठी आलात ना? बसा. आठवड्याला येतात तुमच्यासारखे."

आठवड्याला! मला वाटत होतं अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा. बाईंनी एक फाईल उघडून समोर ठेवली. पानापानावर पुरुषांच्या छात्या, ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या, मुंडकी नसलेले फोटो. काळे, गोरे, केसाळ, एकाच्या दंडावर वाघ गोंदलेला. त्या फाईलमध्ये मला माझं सगळं गणगोत सापडलं. मी पानं उलटत राहिलो आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

बाईंनी तपासलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. "ही चरबी कमी आणि गाठ जास्त आहे. वयात येताना मुलांना येते, बहुतेकांची जिरते, काहींची राहते. व्यायामानं जाणार नाही. पण हिचा त्रासही काही नाही. काढली नाही तरी चालेल."

"काढायचीय," मी म्हणालो.

"कुणी हसतं म्हणून, का तुम्हाला स्वतःला नको म्हणून?"

चौदाव्या वर्षापासून लोकांचं हसणं आणि माझं नको असणं एकातएक इतकं मुरलं होतं की वेगळं काढायला फॅटचं मशीन लागलं असतं. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस घरी जाऊन विचार करा, मग या. मला रागच आला. बारा वर्षं विचार केला होता, आणखी पंधरा दिवस कशाला! पण गेलो. पंधरा दिवसांनी पुन्हा "ट्रेनिंग"ला आलो तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की का? आणि मी स्वतःशी नीट बोलून म्हणालो, नक्की. मला वाऱ्यावर एक बनियन घालून बसायचंय.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी मला उभं करून निळ्या पेनानं छातीवर वर्तुळं काढली. मला गुदगुल्या झाल्या आणि मी हसलो, नर्सही हसली. मग झोपेचं औषध. जागा झालो तेव्हा छातीवर घट्ट काळं जाकीट चढवलेलं होतं. दीड महिना हे घालायचं, महिनाभर जड उचलायचं नाही, असं सांगून दुसऱ्या दिवशी मला सोडलं.

इथवर सगळं ठीक झालं होतं. पुढची चूक माझी. औषधं, कपडे सगळं कोंबायला दवाखान्यानं दिलेली प्लॅस्टिकची पिशवी मी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि तशीच गावातून, छावणीतून फिरवली. त्या दवाखान्यात खालच्या मजल्यावर प्रसूतिगृह होतं. पिशवीवर दवाखान्याचं नाव होतं आणि नावाखाली बाळाला कुशीत घेतलेली आई होती, गुलाबी रंगात.

छावणीतल्या लोकांनी ती पिशवी पाहिली. मग त्यांनी मला पाहिलं. मी ताठ चालत होतो, जपून बसत होतो. आणि दूध टेंपोत चढवायची वेळ झाली तेव्हा मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"काय बे शेक्रेटरी," टेंपोवाला म्हणाला, "कॅनला हात लावंना गेलास?"

"पाठीत लचक भरलीय."

"ट्रेनिंगात?" असं म्हणून तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला खाली बघावं लागलं.

आमच्याकडे एक समजूत पक्की आहे. पुरुषानं नसबंदी केली की त्याच्यातली ताकद जाते, पुन्हा जड उचलता येत नाही. याच समजुतीपायी गावातल्या सगळ्या बायकांची ऑपरेशनं झालेली होती आणि पुरुष एकही गेला नव्हता. बाईच्या अंगामागे दवाखाना कायमचा लागलेला: बाळंतपण, टाके, कुटुंबनियोजन, पुढं गर्भाची पिशवी काढणं. पुरुषाच्या अंगाला दवाखाना लागायचा तो मोटारसायकलवरून पडल्यावर. आता बघा: औरंगाबादची दोन गुपचूप ट्रेनिंगं, बाळंतपणाच्या दवाखान्याची पिशवी, जपून बसणं, आणि कॅन उचलणाऱ्या माणसाचं कॅन न उचलणं. लोकांनी बेरीज केली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच केली असती.

मला मात्र आठवडाभर पत्ता नव्हता. एवढंच जाणवलं की पुरुष माझ्याकडे बघून हसतायत आणि बायका माझ्याशी फार चांगल्या वागतायत. एक म्हातारी रोज मला स्वतःच्या किटलीतला चहा आणून द्यायला लागली. एकदा ती पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पयला बाप्या निघालास बाबा गावात. तुजं कल्यान होईल." मला वाटलं, छावणी चांगली चालवतोय म्हणून म्हणते. मी नम्रपणे म्हणालो, "आजी, हे माझं कर्तव्यच आहे." शेजारच्या दोघी पदर तोंडात कोंबून पळाल्या.

घरी वेगळीच तऱ्हा. काळं जाकीट आईच्या हाती लागलं. टँकरच्या पाण्यात धुऊन तिनं ते स्वतःच्या लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातलं आणि मला म्हणाली, "सरकारनं डिरेस दिला का? लई आखूड दिला." मी हो म्हणालो. ती बिचारी शेजारणींना कौतुकानं सांगत सुटली की ट्रेनिंगवाल्यांना काळा पोशाख मिळतो.

शेवटी मला टेंपोवाल्यानंच सांगितलं, तेही कॅन चढवता चढवता. "बे, लगनाआदी कावून केलीस? निदान एक लेकरू तर होऊ द्यायचं व्हतं." मी उभ्या जागी थिजलो. आणि बातमी कुठवर गेली विचारलं, तर म्हणाला, केजकडची जनावरं परवाच नेली, त्यांच्यासंगं तुज्या सासरवाडीलाबी गेली असंल.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या मुलीचा फोन चार दिवस आला नव्हता. अफवा खोटी होती, पण ती खोडायची तर खरं सांगावं लागणार होतं, आणि खरं सांगणं मला अफवेपेक्षा भारी वाटत होतं. नसबंदी केलेला पुरुष निदान पुरुष तरी असतो. छाती कापून घेतलेला कोण असतो, याचं मला काही नाव सापडत नव्हतं. लग्न जाणार, ती जाणार, आणि तोंड उघडलं तरी जाणार, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पत्र्याच्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. उंच, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, हातात कापडी थैली.

"वळखलं न्हाई का? तुमची व्हनारी सासू हाय मी. वडापच्या जीपनं आले. एकलीच आले, बाप्ये आले की भांडान व्हतं."

मी खुर्ची पुढं केली. ती खाली पोत्यावर बसली. पाणी प्यायली आणि आडवळण न घेता म्हणाली, "लगनाच्या आदी आपरेशन कावून केलं? माज्या पोरीला लेकरं नगंत का तुमाला?"

"मामी, ते ऑपरेशन नाही केलं."

"मग कोन्तं केलं?"

क्षणभर विचार करून मी म्हणालो, "अपेंडिक्स." आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झालो.

"दावा," ती म्हणाली.

"काय?"

"टाका दावा. अपेंडीस उजवीकून खाली असतंय. आमच्या टोळीतल्या तिघींचं झालंय. मला बगितलं की कळतंय."

सुटका नव्हती. आयुष्यभर ज्या माणसानं सख्ख्या आईपुढं सदरा काढला नाही, त्यानं होणाऱ्या सासूपुढं बटणं सोडली. पोटावर काही नव्हतं. वर काळं जाकीट होतं. तिनं त्याच्याकडे बोट केलं. मी ते सोडलं, पट्ट्या खाली केल्या आणि भिंतीकडे बघत म्हणालो, "छाती होती मला. बाईसारखी. ती काढली." इतकी वर्षं जे वाक्य मी एकांतातही उच्चारलं नव्हतं ते असं चारा छावणीत, म्हशींच्या हंबरण्यात बोलून गेलो.

ती हसेल याची मी वाट बघत होतो. ती उठून जवळ आली, चंद्रकोरीसारखे दोन टाके निरखून बघितले आणि म्हणाली, "झ्याक शिवलंय. दुकत व्हती का?"

"नाही."

"मग?"

"लाज वाटायची."

तिनं यावर विचार केला. "आमच्या मालकाला बी हाय की तसं. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत लेकरू रडाया लागलं की म्या त्येंच्या छातीवर टाकायचे. लेकराला वाटायचं मायच हाय, गप ऱ्हायचं. मला बरं व्हतं, दोन भाकरी थापून व्हायच्या."

मला हसू फुटलं. टाके ओढले गेले, कळ आली, तरी थांबेना. तीही हसली. माझ्या जन्माच्या लाजेचा कुणाला तरी कुठंतरी उपयोग झाला असता, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी सदरा चढवला. वाटलं, सुटलो.

पण तिचं झालं नव्हतं. "डाक्टरनं काय काय सांगितलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं: चित्र काढून दाखवलं, काढली नाही तरी चालेल म्हणाल्या, विचार करायला पंधरा दिवस दिले, नक्की का म्हणून दोनदा विचारलं.

"पंधरा दिस?"

"हो."

"आन् दोनदा इचारलं?"

"हो."

ती थैलीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग बोलली तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हिशेबही नव्हता. शेजारणीला सांगावं तसं सांगितलं. "मी तिशीची बी नव्हते. पोटात दुकायचं म्हून गेलते. डाक्टर म्हनला पिशवी खराब हाय, काढा, न्हाईतर काय खरं न्हाई. टोळीचा मुकादम म्हनला काढून टाक, दर म्हैन्याला पाळीचा खाडा ऱ्हायचा न्हाई. मालक म्हनले डाक्टर म्हनतोय तर काढू. मला कुनी इचारलंच न्हाई. मी व्हते की तितं, बाकड्यावर बसलेली. सकाळी गेलते, सांजच्याला पिशवी न्हवती. आन् पंधराव्या दिशी फडात मोळी उचलली."

माझ्या अंगातलं जे नको होतं ते काढायला मला दोनदा विचारलं गेलं होतं, आणि मी त्या पंधरा दिवसांवर चिडलो होतो. मला माझी लाज वाटली; पण ही लाज वेगळी होती, ती दोन बनियनांखाली दडवावी अशी नव्हती.

"पोरगी तुमालाच देनार," ती उठता उठता म्हणाली. "पन कबूल करा. तिच्या अंगाला सुरी लावायची येळ आली, तर आदी तिला इचारायचं. तुमी न्हाई ठरवायचं, तुमच्या आईनं न्हाई, डाक्टरनं न्हाई. तिला इचारायचं."

"कबूल," मी म्हणालो. तिनं थैलीतून भाजलेल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या, छावणीतल्या बायकांना जाता जाता ठणकावून सांगितलं की जावायाला काही झालेलं नाही, छातीत गाठ होती ती काढली, आणि वडाप धरून गेली. बायका हिरमुसल्या. म्हातारीचा चहा दुसऱ्या दिवसापासून बंद झाला.

हळदीला मी उघडा बसलो. ज्या क्षणाची मी चौदाव्या वर्षापासून धास्ती घेतली होती तो आला आणि माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळे वर ड्रोन बघत होते. हळद मात्र कानातसुद्धा गेली. लग्नानंतर बायकोनं टाके बघितले, बोट फिरवलं आणि म्हणाली, "आईनं सांगितलंय समदं. आता एकच बनियन घाला, धुवायला मला लागतेत." दुष्काळात एवढं व्यवहारी प्रेम पुरेसं होतं.

गंमत पुढं झाली. गाठीची बातमी पसरली तशी दूध संस्थेच्या खिडकीशी माणसं थांबायला लागली. दूध घालून झालं तरी हलत नसत. "शेक्रेटरी, एक इचारायचं व्हतं, माज्या मेव्हन्याला..." मेव्हणा कुणाचाच नसायचा. एक पैलवान आला, त्याला माझ्यासारखंच होतं. एकाला टकलावर केस लावून घ्यायचे होते, साखरपुड्याआधी. एक बाई हनुवटीवर पदर धरून आली आणि म्हणाली, दर आठ दिवसांनी उपटून कातडं काळं पडलंय, कायमचं जातं म्हणतात ते खरं का. मी प्रत्येकाला डॉक्टरबाईंचा पत्ता दिला आणि प्रत्येकाला त्यांचाच प्रश्न विचारला: कुणी हसतं म्हणून, का तुम्हाला नको म्हणून? हनुवटीवाली दोन दिवसांनी परत आली. म्हणाली, "इचार केला. मला काय न्हाई त्याचं, नवऱ्यालाच हाय. ऱ्हाऊ दे." आणि पदर खांद्यावर टाकून, हनुवटी वर करून गेली. पैलवान मात्र जाऊन आला आणि आता विहिरीला पाणी आलं की पहिली उडी त्याची असते. दुसरी माझी. पोहायला मी तिशीत शिकलो, कमरेला पत्र्याचे डबे बांधून.

आम्हाला दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी बायको दवाखान्यात असताना नर्स कागद घेऊन माझ्याकडे आली. "दुसरं आहे ना? लगेच ऑपरेशन उरकून टाकू. इथं सही करा." माझी आई म्हणाली, कर. चुलता म्हणाला, कर, एका खर्चात होतंय. पेन हातात आलं होतं. मी कागद घेऊन आत गेलो. बायको बाळाला घेऊन पडली होती.

"तुझं ऑपरेशन करायचं म्हणतायत. करायचं का?"

ती थकली होती, पण डोळे चमकले. "मला नगं. माझं आताच एवढं झालंय. तुमी करा की. तुमाला सवय हाय."

मग मी केलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्याही डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं आणि नक्की का म्हणून विचारलं. गावात या वेळी मी स्वतःच सांगून टाकलं. टेंपोवाल्यानं एकदा डोळे वटारले आणि माझे कॅन पंधरा दिवस बिनबोभाट चढवले.

माझ्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सासू आली. नातीला बघायला आली असेल म्हणून मी सरकून जागा दिली, तर ती आधी माझ्याच खाटेशी बसली. लेकीकडून तिला सगळं कळलं होतं.

"माज्या पोरीला इचारलं?" ती म्हणाली.

"विचारलं."

"काय म्हनली?"

"नको म्हणाली."

"आन् तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

तिनं नातीला मांडीवर घेतलं, तिची दुपटी सारखी केली आणि बाहेर ओट्यावर गेली. ओट्यावर माझी आई शेंगा फोडत होती. "इहीनबाई," मला आतून ऐकू आलं, "पोरीला इचारलं म्हनं. नगं म्हनली, तर ऐकलं म्हनं." आई म्हणाली, मला ठाऊक आहे की. तरी सासूनं ते पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून ती तेच सांगत होती.